डाव्या डोळ्याची नेमणूक

त्या मोबाइल गेममध्ये तीनशे बारा किटल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर किटली एकच होती. पोट गोल, चोच जरा वाकडी, झाकणावर बोंड. ती ज्या चित्रकाराने घडवली तो दोन वर्षांपूर्वी भांडून नोकरी सोडून गेला आणि जाताना मूळ फाइलचा पासवर्ड डोक्यात घालून घेऊन गेला. तेव्हापासून त्या किटलीची चोच सरळ करणं कुणाच्या बापाला जमलेलं नव्हतं. बदलता येत होता तो फक्त रंग. म्हणून कंपनीने रंगखातं काढलं, आणि रंगखात्यात रंगराव आले.

रंगराव हे नाव ऑफिसने ठेवलेलं. त्याआधी सोळा वर्षं ते रंगाच्या दुकानात भिंतींचे रंग कालवत होते. गिऱ्हाईक उशीचा अभ्रा घेऊन येई, "अगदी हाच," म्हणे, आणि रंगराव यंत्राची चार बटणं दाबून अगदी तोच डब्यात काढून देत. सोळा वर्षांत डबा परत आला तो तीनदा, आणि त्यातही दोनदा चूक अभ्र्याची होती. मधल्या काळात तो धुतला गेला होता.

गेममधलं काम ऐकायला सोपं. खेळणाऱ्याने कोडी सोडवायची, बक्षीस म्हणून किटली मिळवायची आणि पडद्यावरच्या फडताळात मांडायची. त्या किटलीत पाणी तापत नाही, चहा होत नाही, शेजारीण मागायला आली तर देता येत नाही. तरी ती मिळावी म्हणून माणसं चुलीवरचं करपू देत आणि बसचा थांबा चुकवत. किटल्यांच्या जाती पाच: साधी, बरी, दुर्मिळ, अतिदुर्मिळ आणि खानदानी. अंगाने सगळ्या सारख्याच, तेव्हा खानदानी कोण आणि साधी कोण हे कळायला रंगाखेरीज काही खूण नव्हती. कुठल्या रंगासाठी माणसाचा जीव वरखाली होईल, तेवढं रंगरावांनी सांगायचं होतं.

पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी एकेचाळीस रंग दिले. सगळे सभ्य, घरंदाज, पाहुण्यांसमोर न्यावेत असे. गेममध्ये 'वितळवा' असं एक बटण होतं. नको असलेली किटली त्यात टाकायची. एकेचाळिसातल्या अडतीस किटल्या लोकांनी हातात पडल्या पडल्या वितळवल्या.

ऑफिसच्या प्रमुख होत्या मॅडम. बैठका उभ्याने घेतल्या की लवकर संपतात असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यामुळे त्यांच्या बैठका तीन-तीन तास चालत आणि शेवटी सगळ्यांचे पाय सुजत. अशाच एका बैठकीत त्या म्हणाल्या, "रंगराव, तुमची किटली बघितली की मला तिच्यावर खिळा ठोकून कॅलेंडर लावावंसं वाटतं."

सगळे हसले. रंगरावही हसले, कारण नोकरी अजून पक्की व्हायची होती.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी त्यांना वर काढलं.

सासूबाई मुलीकडे राहायला आल्याला सहा वर्षं झाली होती. बोलायला फटकळ, खायला मोजक्या, आणि जावयाच्या कंपनीचा गेम म्हणून किटल्या जमवायच्या नादाला लागलेल्या. मोबाइलवरची अक्षरं त्यांनी इतकी मोठी करून घेतली होती की एका वेळी पडद्यावर दीडच शब्द मावे. त्या संध्याकाळी रंगराव जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एका पांढऱ्या किटलीपुढे हताश बसले होते. सासूबाई मागून आल्या, वाकल्या.

"जावईबापू, हे कसलं मळकं ध्यान? धुवा तिला जरा."

"आई, पांढरीशुभ्र आहे ती."

"कुठली शुभ्र! पिवळट मारतीय. धुवा."

रंगरावांनी वाद नको म्हणून निळ्याची पट्टी बोटभर सरकवली.

"अजून."

आणखी सरकवली.

"हात आखडू नका हो! साबण काय तुमच्या खिशातला जातोय?"

रंगरावांनी पट्टी टोकापर्यंत नेली, वर जांभळ्याची चिमूट टाकली. पडद्यावर आता जो निळा होता त्याच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागत होते. वेल्डिंगवाला काम करत असताना आपण मान फिरवतो, तसला.

"हां!" सासूबाई म्हणाल्या. "आता कशी ताज्या दुधासारखी दिसतीय."

रंगराव इतके कावले होते की त्यांनी तो रंग तसाच पाठवून दिला. नावही तेच टाकलं: ताजं दूध.

आठ दिवसांत गेमच्या दुनियेत हाहाकार झाला. ताजं दूध! पण दूध निळं का? कुणी म्हणालं, हे चांदण्यातलं दूध आहे. कुणी म्हणालं, किटलीचा रंग तिचा नसून आपल्या मनाचा आहे. एका निवृत्त मास्तरांनी या विषयावर चोवीस भागांची लेखमाला सुरू केली. वितळवल्याची नोंद शून्य. लोक एका ताज्या दुधापायी अकरा-अकरा दुसऱ्या किटल्या द्यायला तयार झाले.

रंगराव मुळात हिशेबी माणूस. त्यांनी एक वही केली. डाव्या रकान्यात स्वतःला काय दिसतं ते, उजव्या रकान्यात सासूबाई काय म्हणतात ते. डावीकडे 'भडक जांभळा, बघवत नाही', उजवीकडे 'चॉकलेटी, सोज्वळ'. डावीकडे 'डोक्यात जाणारा आकाशी', उजवीकडे 'धुतलेल्या चादरीसारखा'. उजव्या रकान्याच्या भरवशावर त्यांनी दीड वर्षात शहात्तर किटल्या सोडल्या आणि त्यांतल्या सत्तर खानदानी ठरल्या. नोकरी पक्की झाली. ते खातेप्रमुख झाले. खात्यात ते एकटेच होते, पण टेबलावर पाटी आली.

मॅडमनी विचारलं, "हे जमतं कसं तुम्हाला?"

"धुलाई सिद्धान्त," रंगराव म्हणाले. तोंडाला आलं ते बोलून गेले. ऑफिसभर झालं. जो तो आपलं काम 'धुऊन' आणू लागला. हिशेबखात्यातल्या बाईंनी तर वार्षिक तक्ताही धुऊन आणला, म्हणजे काय केलं ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

इकडे घरात सासूबाई फ्रिजशी बोलू लागल्या. "बस ना, उभी का?" असं त्या त्याला मुलगी समजून म्हणत. बायकोने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, रंगरावही सोबत गेले.

"मोतीबिंदू," डॉक्टर म्हणाले. "चांगलाच पिकलाय. यांच्या डोळ्यांवर जुन्या तेलाच्या बाटलीची काच बसलीय म्हणा ना. पांढरं यांना पिवळं दिसतं. आणि निळा तर आतपर्यंत पोचतच नाही."

"अगंबाई!" बायको म्हणाली. "मग आता?"

"काही नाही. ती काच काढायची, नवी बसवायची. एकदम स्वच्छ."

बायकोच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली. पण जी काच डॉक्टर काढायला निघाले होते, तिच्यावर रंगरावांची टेबलावरची पाटी उभी होती.

"जावईबापू, गप्प का?" बाहेर आल्यावर सासूबाईंनी विचारलं. "डोळे झाले ना, की पहिल्यांदा आपल्या किटल्या नीट बघणार मी. आपण दोघांनी काय काय नाजूक रंग काढलेत!"

ऑपरेशनची तारीख पडली. ती पुढे गेली, कारण दवाखान्यात फोन करून कुणीतरी पेशंटला खोकला असल्याचं कळवलं. दुसरी तारीखही गेली. पेशंट गावाला गेली होती म्हणे. तिसऱ्या वेळी पेशंटने म्हणे आधी दाढ काढून घ्यायचं ठरवलं होतं. सासूबाईंना दाढा नव्हत्याच. दर वेळी रंगराव घरी येऊन सांगत, "डॉक्टरांनाच वेळ नाही. मोठा माणूस." आणि रात्री कूस बदलत पडत. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाईट वाटण्याला त्यांनी फक्त पुढची तारीख दिली होती.

कारण ऑफिसात महाकिटली जाहीर झाली होती. तीनशे तेरावी. खानदानीच्याही वरची सहावी जात, फक्त तिच्यासाठी काढलेली. ती पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेला दुपारी बाराला अवतरणार होती, आणि तिचा रंग अजून ठरायचा होता.

चौथी तारीख द्यायला दवाखान्यातल्या बाईंनी फोन केला तो नेमका बायकोने उचलला. जेवताना तिने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "अहो, आईच्या दाढेचं काय झालं?"

रंगरावांचा घास तिथेच राहिला.

"कुठली दाढ?" सासूबाई म्हणाल्या.

"तेच विचारतेय. तीन वेळा तारीख पुढे ढकलली यांनी. खोकला काय, गाव काय! आई इथे फ्रिजला बस म्हणतीय, आणि तुम्ही तिकडे तिच्या दाढा काढताय!"

रंगरावांनी सगळं सांगून टाकलं. दूध, चॉकलेट, वहीचे दोन रकाने, पाटी, महाकिटली. बायको ऐकताना आधी लाल झाली, मग पांढरी, आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे माझी आई आंधळी होईस्तोवर तुम्ही तिला वापरणार होता."

"वापरणार नाही गं, फक्त चौदा तारखेपर्यंत..."

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्या ब्रेडचा तुकडा कुरतडत विचार करत होत्या. "म्हणजे ते रंग मला जसे दिसतात तसे नाहीत?"

"नाहीत, आई."

"आणि लोकांना तरीही आवडतात?"

"वेडे झालेत लोक."

"हं. डोळे किती आहेत मला?"

त्यांनीच दोन बोटं वर केली.

"दोन. मग एक करून घेऊ. एक मला, एक तुमच्या कंपनीला. भांडताय कशाला?"

डॉक्टरांना हे भीतभीत विचारलं, तर ते म्हणाले, "अहो, आम्ही एका वेळी एकच डोळा करतो. दुसरा महिनाभराने." तीन तारखा रंगरावांनी विनाकारण बुडवल्या होत्या, विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. बायकोने दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांच्याकडे जे पाहिलं, ते कुठल्याच रकान्यात मावण्यासारखं नव्हतं.

उजवा डोळा झाला. चौथ्या दिवशी पट्टी पूर्ण सुटली. सासूबाई घरभर फिरल्या. स्वयंपाकघरातल्या फरश्या क्रीम रंगाच्या नसून पांढऱ्या आहेत हे त्यांना कळलं, कोपऱ्यातली जळमटं कळली, आणि मुलगी इतकी वर्षं 'तुला भास होतो' म्हणत होती ती कपाटाची चीर खरीच निघाली. मग जावयासमोर उभ्या राहिल्या.

"अरे देवा! तुम्ही एवढे पिकलात कधी?"

"हळूहळू, आई."

"द्या तो मोबाइल."

फडताळ उघडलं. सत्तर खानदानी किटल्या एका वेळी त्यांच्या नव्या डोळ्यात घुसल्या. सासूबाईंनी मोबाइल उलटा ठेवला, पदराने तोंड पुसलं, पुन्हा सुलटा केला.

"हे दूध?"

"हो."

"हे मी केलं?"

"तुम्ही म्हणालात, साबण काय तुमच्या खिशातला जातोय."

"अहो, मी काहीही म्हणेन, तुम्ही तर बघत होता ना! ही काय किटली आहे? विजेच्या तारेला हात लागला की असं दिसतं!" मग त्यांनी उजवा डोळा तळहाताने झाकला. चेहरा निवळला. "आता मात्र गोड दिसतीय." हात काढला. "ई!" झाकला. "गोड." त्यांना त्याचा नादच लागला. दिवसभर हात वर-खाली, ई, गोड, ई, गोड. बायको म्हणाली, "आई, पुरे, हात भरून येईल."

इथपर्यंत रंगरावांचं निभावलं होतं. पण मॅडमनी सहा नवी माणसं नेमली आणि म्हणाल्या, "रंगराव, यांना धुलाई सिद्धान्त शिकवा. उद्यापासून."

रंगरावांनी एक दिवस फळ्यावर गोल काढले. दुसऱ्या दिवशी बाण काढले. तिसऱ्या दिवशी सहाही जण वह्या उघडून बसले होते आणि फळ्यावर काढायला काही उरलं नव्हतं. रंगराव सरळ मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, सिद्धान्त वगैरे काही नाही. सासूबाई आहेत."

त्यांनी दुसऱ्यांदा सगळं सांगून टाकलं. आता पाटी जाणार, या तयारीने ते दारापाशीच उभे होते. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्या वळल्या.

"कुठला डोळा शिल्लक आहे?"

"डावा."

"त्याची तारीख?"

"चौदाला सकाळी."

"आणि महाकिटली चौदाला दुपारी. त्यानंतर तीनशे चौदावी, पंधरावी." मॅडमनी बोटं मोजली. "त्या दुसरीकडे कुठे जाण्याआधी आपण त्यांना घेतलं पाहिजे."

"मॅडम, मी म्हणतो, त्यांना घ्याच. पण डोळा होऊ द्या. त्यांची नजर मुळातच तेज आहे."

"दोन्ही डोळ्यांनी नीट बघणारी माणसं माझ्याकडे साठ आहेत, रंगराव. त्यांचे रंग बघितलेत मी."

दुसऱ्या दिवशी जाड कागदावर नेमणुकीचं पत्र आलं. पद: वरिष्ठ रंगनिरीक्षक (डावा डोळा). हजेरी: खातेप्रमुखांच्या हाताखाली. कलम चार असं: 'सदर डोळ्यावर, नेमणूक चालू असेपर्यंत, कंपनीच्या लेखी मंजुरीखेरीज कोणतीही शस्त्रक्रिया, स्वच्छता अगर सुधारणा करू नये.' सोबत एक चिठ्ठी रंगरावांना: या नेमणुकीवर तुमची नेमणूक अवलंबून राहील.

बायकोने पत्र वाचलं आणि म्हणाली, "फाडा."

"कुणी हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. पत्र त्यांनी उजव्या डोळ्याजवळ नेऊन पुन्हा पुन्हा वाचलं. "वयाच्या बहात्तराव्या वर्षी नोकरी लागलीय मला. आजवर मला कुणी कागदावर श्रीमती लिहिलं नव्हतं. तुझे वडील सुद्धा पोस्टकार्डावर 'सौ.' लिहायचे आणि पुढे स्वतःचंच नाव."

"आई, डोळा जाईल त्यात!"

"एक आहे ना लख्ख."

रंगरावांना बोलायचं नव्हतं असं नाही. पण महिनाभरापूर्वी ज्याने त्यांच्या नसलेल्या दाढा काढल्या, त्याने आता कुठल्या तोंडाने बोलायचं?

सासूबाई ऑफिसात जाऊ लागल्या. सकाळी नऊला उजव्या डोळ्यावर काळी पट्टी चढवायची, डाव्याने रंग बघायचे, एकला घरी. ऑफिसला त्यांनी चार दिवसांत सरळ केलं. मॅडमना पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "बसा की हो, पाय काय भाड्याचे आहेत?" आणि मॅडम बसल्या. बैठक वीस मिनिटांत संपली.

पण एक डोळा स्वच्छ आणि एक गढूळ असला की अंतराचा हिशेब चुकतो, हे पत्रात कुठे लिहिलेलं नव्हतं. सासूबाई पायरी नसताना पाय उचलत आणि असताना विसरत. बारा तारखेला सकाळी त्या स्वतःसाठी चहा ओतत होत्या. रंगराव समोर बसून बूट घालत होते. त्यांनी पाहिलं, चहाची धार कपाच्या चार बोटं अलीकडे पडतेय आणि कप धरलेल्या हातावर उतरतेय. सासूबाईंनी पातेलं सोडलं नाही. ओठ घट्ट मिटून खाली ठेवलं, आणि मग म्हणाल्या, "लागलं नाही."

रंगरावांनी तो हात नळाखाली धरला. पाणी जात राहिलं. हातावर लाल पट्टा उठला होता, मनगटापासून करंगळीपर्यंत. सोळा वर्षांची सवय. कुठला लाल, किती टाकला की येईल, हे मनात आपोआप जुळायला लागलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"आई, सोडा ही नोकरी," ते म्हणाले. "परवा डोळा करून टाकू. माझं काय व्हायचं ते होईल."

"नोकरी मी सोडणार नाही."

"मी चुकलो. तीनदा चुकलो. पण हे..."

"तुम्ही चुकलात ते चुकलातच, मी हिशेब ठेवलाय." सासूबाईंनी नळ बंद केला. "पण नोकरी का सोडू? नोकरीत रजा मिळत नाही का?"

"मिळते."

"कोण देतं?"

"तीन दिवसांपर्यंतची खातेप्रमुखाने सही केली की आपोआप मंजूर होते. वर जावं लागत नाही."

"माझे खातेप्रमुख कोण?"

"मी," रंगराव म्हणाले.

"कागद आणा," सासूबाई म्हणाल्या.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, भाजलेला हात बाजूला धरून, दुसऱ्या हाताने, वाकड्या ओळीत. 'विषय: वैद्यकीय रजा, तीन दिवस. कारण: डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया. तरी सदर रजेस व सदर शस्त्रक्रियेस लेखी मंजुरी मिळावी ही विनंती.' कलम चार त्यांना पाठ होतं. लेखी मंजुरी कोणी द्यायची हे त्यात लिहायचं राहून गेलंय, हेही त्यांनी पहिल्याच वाचनात हेरलं होतं. फक्त विचारायला कुणी आलं नव्हतं.

अर्जाच्या तळाशी रंगरावांनी सही केली. 'शिफारस आहे. मंजूर.' टेबलावरच्या पाटीवर होतं ते सगळं पद त्याखाली लिहिलं. एवढं लांब पद लिहायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती आणि बहुधा शेवटची.

तेरा तारखेला संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "रंगराव, ही रजा कुणी मंजूर केली?"

"मी, मॅडम."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंय?"

"नियमाप्रमाणे केलंय."

"उद्या बारा वाजता चाळीस लाख माणसं पडद्याकडे बघत बसतील. किटलीला रंग नसेल तर मी त्यांना काय दाखवू?"

"रंग देतो मी."

"कुणाच्या डोळ्याने?"

"देतो," रंगराव म्हणाले.

चौदाला सकाळी दवाखान्यात बायको औषधांच्या खिडकीशी रांगेत होती. सासूबाई चाकाच्या खुर्चीत, हिरवा झगा, डाव्या भुवईवर शाईची खूण. उजव्या डोळ्याने त्या भिंतीवरची एकेक सूचना मोठ्याने वाचत होत्या. थुंकू नये. चपला बाहेर. तपासणीची फी पुढच्या खिडकीत. इतकी अक्षरं त्यांना एकदम दिसण्याचा योग किती वर्षांनी आला होता कोण जाणे. नर्सने कागद पुढे केला, "पेशंटचे कोण तुम्ही?"

"साहेब आहेत माझे," सासूबाई म्हणाल्या.

"जावई," रंगराव म्हणाले, आणि तसं लिहिलं.

खिशात फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. नऊ वाजून दहा मिनिटं. रंगरावांनी बाहेर काढून पाहिलं, मॅडमचा निरोप: 'रंग?' त्याच्या वर तसलेच आणखी सहा.

"काय म्हणतायत?"

"रंग मागतायत."

"मग? कुठला देणार?"

"खरं सांगू, आई? काहीच सुचत नाहीये. रात्रभर वही उघडून बसलो. उजव्या रकान्यात काय लिहू?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "डाव्यात काय येतंय?"

"ते भिंतीला बरं."

"असेल. भिंत काय वाईट असते?" नर्सने खुर्ची वळवली. दार अर्धं उघडलं, आतून थंड हवेचा झोत आला. सासूबाईंनी मान मागे टाकून जावयाकडे पाहिलं, मग त्याच्या डोक्याच्या वर, भिंतीकडे. "आणि तो फोन बंद करा आधी. एवढं हातभर लिहून ठेवलंय तिथे, मोबाइल बंद ठेवावा. तुम्हाला दिसत नाही का?"

रंगरावांनी वळून पाहिलं. खरंच लिहिलेलं होतं.

खुर्ची आत गेली. फोन हातात पुन्हा थरथरला. त्यांनी रंग न कळवताच तो बंद केला आणि सासूबाईंची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले.